सोमवारी भात जास्त लागतो

सोमवारी भात जास्त लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हे सांगेल. शनिवारी अर्ध्या दिवसाने शाळा सुटते, मधे रविवार येतो आणि सोमवारी मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत ताटं हातात घेऊन रांग लागते. सरकारी हिशेबात सोमवार वेगळा नसतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम, वार कुठलाही असो. मराठवाड्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी अधूनमधून जाते. तिथल्या मदतनीस ताई शनिवारी हजेरी कमी असते तेव्हा तांदूळ आखडून घेतात आणि तो सोमवारच्या भगोण्यात घालतात. ‘‘घरी रविवारी चूल एकदाच पेटती ताई, ती बी संध्याकाळी,’’ त्या म्हणाल्या. त्यांना हे कुठल्या प्रशिक्षणात कळलेलं नाही. त्यांची स्वतःची दोन लेकरं त्याच रांगेत उभी असतात.

गरीब वस्तीतल्या शाळेला काय कमी पडतं, हे अधिकाऱ्यापेक्षा, देणगीदारापेक्षा आणि पुष्कळदा शिक्षकापेक्षाही त्या वस्तीतल्या आयांना आधी ठाऊक असतं. एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे. आपण शाळेला मदत म्हटली की संगणक, डिजिटल फळा, रंगवलेल्या भिंती असा विचार करतो. त्या गोष्टी वाईट नाहीत. पण पावसाळ्यात तिसरीतली मुलगी सलग दोन दिवस शाळेत येत नाही, त्याचं कारण हजेरीपटावर ‘आजारी’ असं लागतं आणि खरं कारण तिच्याकडे गणवेशाचा एकच जोड असून तो वाळलेला नाही, हे असतं. हे शेजारच्या घरातल्या बाईला दोरीवर दिसतं.

या शाळेत दुसरीच्या वर्गात कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी आहे. पूर्वी तिच्यात नकाशे असायचे. शिवणकाम करणाऱ्या एका आईने ती रिकामी करून मागितली आणि मुख्याध्यापकांनी दिली. आता तिच्यात उंची वाढल्यामुळे आखूड झालेले गणवेश असतात, धुऊन इस्त्री केलेले. शिवाय मधल्या मापाच्या चड्ड्या, एका डब्यात पांढरी आणि निळी बटणं, हूक, सेफ्टी पिना, इलॅस्टिकची गुंडाळी, नेलकटर, खोबरेल तेलाची बाटली, फण्या आणि लाल रिबिनी. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी-तिघी आया तिथेच बसतात. उसवलेली शिवण घालतात, तुटलेली चेन बदलतात, ज्या मुलींच्या आया पहाटेच कापूस वेचायला जातात त्यांच्या वेण्या घालून देतात.

एक शर्ट त्या आईने माझ्यासमोर हातात घेतला. कॉलरच्या आत आधीच्या मुलाचं नाव पेनाने लिहिलेलं होतं, धुऊनही न गेलेलं. तिने कॉलरची शिवण उसवली, कॉलर उलटी केली आणि पुन्हा शिवली. नाव आत गेलं. घासून विरलेली बाजूही आत गेली आणि कोरी बाजू वर आली. मी विचारलं, एवढं कशाला, नाव तर कुणाला दिसत नाही. ती म्हणाली, ‘‘ज्याचं नाव हाय ना, तो त्याच वर्गात एक बाकडं पुढं बसतो. त्यानं मागं वळून म्हणलं, हा माझा सदरा, की संपलं. मग हे लेकरू तो घालणार न्हाई.’’

मुलांच्या गरजा भागवण्यावर मी बरंच वाचलं आहे, पण मदतीची याहून चोख पद्धत मला कुठे सापडली नाही. देणं सोपं असतं. घेणाऱ्याला खाली बघावं लागू नये अशा रीतीने देणं, याला घरातली नजर लागते. पहिलीतल्या लेकराने चड्डी ओली केली तर त्याला बदलायला नेण्याचं काम याच आया करतात आणि वर्गाला त्याचा पत्ता लागत नाही. ओली चड्डी धुऊन, पिशवीत घालून, संध्याकाळी आईकडे न बोलता पोचते.

मोठ्या मुलींचं तर विचारूच नका. या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत आणि शिक्षक सगळे पुरुष. चांगली माणसं आहेत, पण पाळी आलेली मुलगी त्यांना काय सांगणार? ती पोटात दुखतं म्हणून घरी जाते आणि चार दिवस येत नाही. महिन्याला चार दिवस म्हणजे वर्षाकाठी किती, आणि त्या दिवसांत गणिताचा कुठला धडा सुटला, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. राज्य सरकारने 2018 मध्ये महिला दिनी ‘अस्मिता’ योजना सुरू केली होती. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 5 रुपयांत 8 पॅडचं पाकीट, तेही गावातल्या बचतगटामार्फत. कल्पना उत्तम होती. पण पाकीट गावात असणं आणि मुलीच्या हाती वेळेवर पडणं यात एक माणूस लागतो. या वस्तीवर तो माणूस म्हणजे शाळेच्या कुंपणाला लागून राहणारी एक आई. मुली मधल्या सुट्टीत कुंपणापाशी जाऊन ‘‘काकू, जरा येता का?’’ एवढंच म्हणतात. काकू येतात. मुलगी पुन्हा वर्गात बसते.

शिकणाऱ्याच्या पोटाची आणि अंगावरच्या कपड्याची काळजी समाजाने घ्यावी, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. वार लावून जेवून शिकलेल्यांच्या आठवणी मराठी आत्मचरित्रांत जागोजागी आहेत. पण तो वार बहुतेक करून ब्राह्मण मुलालाच मिळे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि बाकीच्या जातींच्या मुलांना ती दारंच बंद. ते चित्र बदललं ते भाऊराव पाटलांनी. साताऱ्यात 1924 मध्ये त्यांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडायला दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या मुलांची आई कोण, तर लक्ष्मीबाई. त्यांच्या त्यागाचा उल्लेख भाषणांत नेहमी होतो. पण रोज इतक्या मुलांना काय घालायचं, कोण उपाशी निजलं, कुणाला ताप आहे, हे बघणारी त्यांची नजर मला त्या दागिन्यांइतकीच मोठी वाटते.

आजच्या कायद्यात या नजरेला जागा आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमलात आला 1 एप्रिल 2010 ला. त्यातल्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात सभा सकाळी अकराला असते आणि त्या वेळी आया रानात असतात. सभेला आलं तर रोज बुडतो. म्हणून मग सही नंतर घरी जाऊन घेतली जाते आणि ठराव आधीच लिहिलेला असतो. या वस्तीवर समितीच्या अध्यक्ष ताईंनी एकच बदल केला. सभा संध्याकाळी सातला, मारुतीच्या देवळासमोर. गुरुजींना परत जायला उशीर होतो, ते आधी कुरकुरले, मग येऊ लागले. आता आया बोलतात. पाण्याच्या टाकीला झाकण नाही, मुलींच्या मुतारीची कडी आतून लागत नाही, असे विषय त्या सभेत निघाले. कडी त्याच आठवड्यात बसली.

या समित्यांचं ऐकलं नाही की काय होतं, ते 2024 मध्ये सगळ्या राज्याने पाहिलं. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून कापड एका जागी खरेदी झालं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे गेली. स्वातंत्र्यदिन आला तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते. पोचले तिथे कुणाच्या बाह्या कोपरापर्यंत, कुणाच्या गुडघ्यावर पँट. बचतगटातल्या बायकांचा यात दोष नव्हता. मापच त्यांच्यापर्यंत आलेलं नव्हतं. डिसेंबरमध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. दोन जोडांचे वर्षाला 600 रुपये मिळतात. तेवढ्यात गावचा शिंपी शिवून देतो, कारण तो लेकराला समोर उभं करून कंबर मोजतो आणि पुढच्या वर्षासाठी खाली दोन बोटं दुमड ठेवतो.

आता जी गोष्ट मला खटकते ती सांगते. आया करतात, गाव करतं, हे दिसलं की सरकार हळूच हात काढून घेतं. राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. वाढत्या वयाच्या, डाळीचं पाणी पिऊन जगणाऱ्या मुलांना अंड्याएवढं स्वस्त आणि नेमकं दुसरं काही नाही. सव्वा वर्षाच्या आत, जानेवारी 2025 मध्ये, त्यासाठीचा राज्याचा निधी थांबला आणि अंडं द्यायचं तर लोकसहभागातून द्या असं सांगण्यात आलं. ज्या गावात बागायतदार आहे, साखर कारखान्याचा संचालक आहे, तिथे लोकसहभाग होईल. ज्या वस्तीवर सगळेच ऊसतोडीला जातात, तिथे लोक म्हणजे कोण? ज्यांच्या मुलांना अंड्याची गरज आहे तेच ना? ज्या गावात गरज सर्वांत मोठी, तिथे वर्गणी सर्वांत छोटी जमणार, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

स्वयंपाकी-मदतनीसांचंही तेच. केंद्राने त्यांचं मानधन 2009 मध्ये महिना 1000 रुपये ठरवलं, तेही वर्षातून दहाच महिन्यांचं. राज्याने नंतर आपली भर घातली, पण रोजच्या मजुरीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तांदूळ निवडणं, चूल, भगोणी उचलणं, ताटं घासणं, हे सारं त्या करतात आणि त्याला मानधन म्हणतात, वेतन नाही. आईची माया गृहीत धरून केलेला हा हिशेब आहे. शनिवारी वेणी घालून देणारी आई ते आपल्या खुशीने करते आणि तिला त्याचे पैसे नकोत. पण रोज शेकडो ताटांचा स्वयंपाक हे काम आहे. कामाला मजुरी द्यायला हवी.

दिवाळीनंतर या वस्तीवरची अर्धी घरं बंद होतात. कोयता घेऊन माणसं कारखान्यांकडे जातात. मुलं गाडीत बसून गेली की त्यांचं वर्ष गेलं. म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे आणि ती शाळा व्यवस्थापन समितीच चालवते. मुलं मागे राहतात, आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण समितीकडून मिळतं. जी आई मागे राहिली ती गेलेल्या आईच्या मुलांना वाढते. गेल्या हंगामात जाताना एक आई अध्यक्ष ताईंना एवढंच सांगून गेली, ‘‘थोरल्याला लसणाची चटणी लागती, न्हाईतर भाकर ठेवतो ताटात.’’ मुलं संध्याकाळी समितीच्या पंगतीला बसत होती तेव्हा मी एकदा तिथे होते. चटणी होती.

वाटपाच्या कार्यक्रमांबद्दल एक विनंती. मांडव, बॅनर, पाहुण्याच्या हातून दप्तर घेताना मुलाचा काढलेला फोटो, हे सगळं बंद करता आलं तर करा. दप्तर द्या, जरूर द्या, पण समितीकडे द्या आणि परत जा. त्या मुलाला तो फोटो पाचवीतही चिकटतो आणि दहावीतही. दिलेल्या वस्तूंची पावती समिती देईल, हिशेब वहीत असतो, तो बघायला कधीही या.

आणि काही द्यायचं असेल तर आधी विचारा. तुमच्या गावातल्या, मोहल्ल्यातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत जूनमध्ये जा, समितीतल्या आयांना गाठा आणि काय कमी आहे ते त्यांच्या तोंडून ऐका. या वस्तीवरची यंदाची यादी मला त्यांनी लिहून दिली आहे: पहिलीच्या मापाच्या चड्ड्या, पॅडची पाकिटं, इलॅस्टिक, पावसाळी चपला सहा ते दहा नंबरच्या, उवांचं औषध, दोन मोठ्या बादल्या झाकणासकट. शेवटी ‘अंड्याचे पैसे’ असं लिहून त्यांनी ते खोडलं आहे आणि शेजारी लिहिलं आहे, हे सरकारकडे मागायचं, अर्ज दिला आहे.