मोफत सॉफ्टवेअर लॅबमध्ये चालू कधी होणार?

गणिताची उत्तम सॉफ्टवेअर मोफत मिळत असताना आपली महाविद्यालयं ती वापरत का नाहीत, हा प्रश्न निघाला की बोट शिक्षकांच्या अनास्थेकडे दाखवलं जातं. मला हे मान्य नाही. खरी अडचण बहुतेक वेळा त्याआधीच येते, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना.

किमतीचा प्रश्न गणितज्ञांनी कधीच सोडवला आहे. सिलोचं प्रमेय ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचून आयुष्यभर विनामूल्य वापरता येतं, मग गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी पुन्हा पुन्हा परवान्याचे पैसे का भरायचे, असा सवाल जर्मन गणितज्ञ योआखिम नॉयब्युझर यांनी केला होता. १९८६ मध्ये जर्मनीतल्या आखेन इथे त्यांनी ग्रुप थिअरीसाठी ‘गॅप’ सुरू केलं. फ्रान्समधल्या बोर्दोत संख्या सिद्धांतासाठी ‘पारी’ तयार झालं. एमआयटीतल्या जुन्या ‘मॅकसिमा’पासून (Macsyma) ‘मॅक्सिमा’ (Maxima) ही मुक्त आवृत्ती पुढे आली आणि आज ती कॅल्क्युलससाठी वापरली जाते. २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी ही सगळी साधनं पायथॉनच्या धाग्यात ओवून ‘सेज’ आणलं. मॅग्मा, मेपल, मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब या महागड्या चौकडीला मुक्त पर्याय उभा करायचा, हे त्यांचं जाहीर उद्दिष्ट होतं.

पण ज्या एकत्रीकरणामुळे सेज समर्थ झालं, त्यानेच ते बसवणं अवघड केलं. त्याच्या पोटात शंभराच्या आसपास पॅकेजेस आहेत. कुणी सी भाषेत लिहिलेलं, कुणी फोरट्रानमध्ये, कुणी लिस्पमध्ये. प्रत्येकाला दुसऱ्याची ठरावीक आवृत्ती हवी असते. मूळ कोडपासून ते उभारायला कित्येक तास लागतात आणि मध्येच एक लायब्ररी जुळली नाही की सगळं अडतं. त्यातून हा सारा पसारा युनिक्सच्या वातावरणात वाढलेला, तर आपल्या बहुतेक लॅबमध्ये विंडोज.

यावर सेजच्या मंडळींनी शोधलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी लिनक्स आणि सेज आधीच बसवलेला एक अख्खा संगणक फाइलच्या रूपात देऊ केला. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्यायचं, ती फाइल त्यात उघडायची आणि विंडोजच्या आत दुसरा संगणक सुरू करायचा. एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवण्याची ही कल्पना आयबीएमने १९६०च्या दशकातच मोठ्या संगणकांवर राबवली होती. पुढे साध्या प्रोसेसरमध्येही तिच्यासाठी सोय आली. विंडोजवर सेज चालवायचा हाच मुख्य मार्ग कित्येक वर्षं होता. २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या ‘ओपनड्रीमकिट’ प्रकल्पाच्या मदतीने थेट विंडोजसाठी इन्स्टॉलर आला, पण तो पुढे चालू राहिला नाही. आज विंडोजवर लिनक्स चालवणाऱ्या ज्या डब्ल्यूएसएलची शिफारस होते, त्याची दुसरी आवृत्तीही आतून आभासी यंत्रच आहे.

आभासी यंत्राला आणखी एक पर्यायही आहे. २०१३ पासून डॉकर या सॉफ्टवेअरमुळे कंटेनर रुळले. जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, पण आड एकच, तसे कंटेनर आपापल्या लायब्ररी वेगळ्या ठेवतात आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सामाईक वापरतात. त्यामुळे ते हलके असतात आणि झटकन सुरू होतात.

अडचणी आहेत, त्या झाकू नयेत. तयार संगणकाची ती फाइल, म्हणजे इमेज, काही जीबींची असते. चार जीबी रॅमच्या संगणकावर आभासी यंत्र धापा टाकतं. अनेक संगणकांत व्हर्च्युअलायझेशनची सोय बायॉसमध्ये बंद ठेवलेली असते आणि बायॉसचा पासवर्ड शिक्षकाकडे नसतो. पण या अडचणी मोजक्या आणि ठाऊक असलेल्या आहेत. त्या एकदा सोडवल्या की प्रत्येक यंत्रावर तेच उत्तर चालतं.

ऑनलाइन सेवा आहेत, मग हा खटाटोप कशाला, असंही विचारतात. ‘कोकॅल्क’सारखी सेवा खरोखर चांगली आहे. पण प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी इंटरनेट गेलं तर विद्यार्थ्याने काय करायचं? पेन ड्राइव्हवरून आणलेल्या इमेजला इंटरनेट लागत नाही. शिवाय ती वर्षानुवर्षं तशीच राहते. २०२० मध्ये सेज पायथॉन ३ वर गेलं, तेव्हा जुन्या कितीतरी वर्कशीट दुरुस्त कराव्या लागल्या. जुनी इमेज जपलेल्या शिक्षकाला जुनं काम जसंच्या तसं पुन्हा चालवता येतं. निष्कर्ष संगणकावर तपासायचे असतील, तर संशोधनातही हे महत्त्वाचं आहे.

महाराष्ट्रात हे काम सुरू करायला जमीन तयार आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात गणिताची प्रात्यक्षिकं पायथॉनवर होतात. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आणि तिथलेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर ज्या सिंग्युलॅरिटीच्या अभ्यासामुळे जगभर ओळखले गेले, त्याच विषयासाठी जर्मनीत ‘सिंग्युलर’ बनलं आणि तेही सेजमध्ये आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीला हे गणित स्वतः करून पाहता यायला हवं.

म्हणून विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे. नवा अभ्यासक्रम जाहीर कराल, तेव्हा त्यासोबत तपासलेली एक तयार इमेज आणि ती बसवण्याची दोन पानी मराठी पुस्तिका द्या. ती तयार करणाऱ्या शिक्षकाचं काम शैक्षणिक काम म्हणून मोजा. एका विद्यापीठाने एकदा केलेली ही मेहनत शेकडो लॅबमधल्या शिक्षकांचे दिवस वाचवील.