कुटार, अळिंबी आणि गाय

कन्हानकाठच्या रामाकोन्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सुनेने मागल्या खोलीत गव्हाच्या कुटारावर धिंगरी अळिंबी लावली. तिचे तीन तोडे झाले. आता पिशव्यांतील उरलेले कुटार गाईपुढे टाकावे की खतात, असे त्या विचारतात. उन्हाळा सरत आला आहे, वैरण संपत आली आहे आणि गाय दुभती आहे. तेव्हा प्रश्न साधा नाही.

काडातील सेल्युलोज गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव पचवितात. परंतु लिग्निन नावाचे चिवट द्रव्य त्यास आवळून धरते, आणि तेथे गाईचे काही चालत नाही. धिंगरीसारख्या काही बुरश्या मात्र हे लिग्निन फोडतात. दक्षिण चिलीच्या अरण्यात बुरशीने भुसभुशीत केलेले लाकूड गुरे खातात, अशी १८९३ सालची नोंद आहे. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने १९८० नंतरच्या दशकात युरिया मुरविलेल्या काडावर खाद्य बुरशी वाढवून पशुखाद्य करण्याची रीत योजिली होती.

परंतु बुरशीलाही पोट असते. लिग्निनबरोबर ती काडातील पचण्याजोगा भागही खाते. वजन घटते आणि राखेचे प्रमाण वाढते. जितके तोडे अधिक, तितके कुटार निःसत्त्व. पहिल्या तोड्यानंतरचे कुटार आणि तिसऱ्या तोड्यानंतरचे कुटार एक नव्हे. अळिंबीचे भरघोस पीकही घ्यावे आणि उत्तम वैरणही मिळावी, हे दोन्ही पुरतेपणी साधत नाही.

याहून मोठा धोका निराळाच आहे. लागवडीपूर्वी कुटार निर्जंतुक करण्यासाठी अनेक ठिकाणी ते फॉर्मॅलिन व कार्बेन्डाझिम यांच्या पाण्यात भिजवितात. असे कुटार जनावराच्या तोंडी कदापि जाऊ देऊ नये. कुटार गरम पाण्यात काढले असेल, तरीही हिरवे-काळे डाग पडलेली किंवा कुबट वास येणारी पिशवी बाजूस काढावी. त्या बुरशीचे विष दुधातही उतरू शकते.

पांढरेस्वच्छ, अळिंबीचाच वास असलेले कुटार प्लॅस्टिक पूर्णपणे काढून उन्हात खडखडीत वाळवावे. नेहमीच्या कडब्यात प्रथम मूठ-दोन मुठी मिसळून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे. ते पोटभरीस जोड आहे. ढेप व हिरवा चारा यांची जागा ते घेणार नाही. गाईने तोंड फिरविले तर आग्रह करू नये. उरलेले चांगले कुजवून संत्र्याच्या झाडांना घालावे. तेथे ते वाया जात नाही.

तेव्हा, बाई, आज गोठ्यात जाण्यापूर्वी सुनेला एवढेच विचारा: ‘कुटार कशात भिजविले होते?’ उत्तर तिच्यापाशी आहे.