‘निरंक’ म्हणजे कचरा नव्हे!

गेल्या उन्हाळ्यात माहिती अधिकारात टँकरच्या नोंदी मागवल्या होत्या. कार्यालयाचं नाव घेत नाही, मिळाल्या हेच खूप. एक्सेल फाईल हातात आली म्हणून खूश झालो, तो आनंद ‘खेपा’चा रकाना उघडेपर्यंतच टिकला. कुठे नुसते ३, कुठे ‘३ खेपा’, कुठे ‘२ ते ३’, कुठे ‘निरंक’, तर कुठे ‘टँकर नादुरुस्त’.

अशा रकान्याची सरासरी काढता येत नाही. ‘आर’ नावाची फुकट मिळणारी संख्याशास्त्राची प्रणाली आहे, मी तीच वापरतो. तिच्यात एका ओळीत सांगता येतं की इंग्रजी आकडे आणि टिंब ठेव, बाकी सगळं पूस. सगळे हेच करतात. मीही केलं.

आणि फसलो. ‘२ ते ३’ मधला ‘ते’ गेला, उरल्या २३ खेपा! भाड्याच्या रकान्यात ‘रु. ९५०’ होतं, त्यातला ‘रु’ पुसला, पण त्याच्यामागचं टिंब राहिलं आणि भाडं झालं ०.९५, म्हणजे पंच्याण्णव पैसे. ज्या ग्रामसेवकाने मराठी आकड्यांत लिहिलं होतं, त्याचं तर अख्खं गावच कोरं.

हे चुकीचे आकडे निदान डोळ्यांत खुपतात. खरा घोळ ‘निरंक’चा. अक्षरं पुसली की ती जागा रिकामी होते, आणि सरासरी काढताना आपणच सांगतो की रिकाम्या जागा सोडून दे. समजा आठवड्यात चार दिवस तीन-तीन खेपा झाल्या आणि तीन दिवस निरंक. बारा खेपा भागिले सात दिवस, म्हणजे रोज पावणेदोनच्या आत. पण निरंक पुसलं की बारा भागिले चार. रोज तीन खेपा, गाव सुखी! जितके जास्त दिवस पाणी नाही, तितके जास्त दिवस हिशेबातूनच गायब. आणि उद्या कुणी हाच आकडा दाखवून टँकर कमी केले तर भांडायचं कशाच्या जोरावर?

निरंक म्हणजे शून्य. ‘माहिती अप्राप्त’ म्हणजे शून्य नव्हे. ‘नादुरुस्त’ म्हणजे शून्य, वर त्याचं कारणही. पुसायच्या आधी हे माणसाने बसून ठरवायला लागतं. मला दोन संध्याकाळी लागल्या. रकान्यातले सगळे वेगवेगळे शब्द आधी यादी करून वाचले, मग एकेकाला आकडा दिला. मूळ रकाना तसाच ठेवला, शेजारी नवा केला.

कार्यालयांनाही यात अवघड काही नाही. आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा घ्या, शेऱ्याला वेगळा रकाना द्या. केंद्राचं माहिती खुली करण्याचं धोरण २०१२ पासून आहे, त्यात संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपाची भाषा आहे. तालुक्यापर्यंत ती अजून यायची आहे, बहुतेक टँकरनेच येत असावी.

माझी फाईल कुणाला हवी असेल तर सांगा. दोन्ही रकान्यांसकट देतो.