डॉक्टरांनी बंदुकीविषयी विचारावे काय?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मूल तपासताना आईबापांना पुष्कळ प्रश्न विचारतात. घरामागे पोहण्याचा तलाव आहे काय, त्यास कुंपण आहे काय, औषधे व फरशी पुसण्याची रसायने मुलाच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवली आहेत काय, मोटारीत मुलासाठी वेगळे आसन बसविले आहे काय. यांपैकी एकाही प्रश्नाने कोणाचा स्वाभिमान दुखावल्याचे ऐकिवात नाही. परंतु याच यादीत 'घरात बंदूक आहे काय आणि असल्यास ती कशी ठेवता?' हा प्रश्न आला, तेव्हा एका राज्याच्या विधिमंडळाने डॉक्टरांच्या जिभेवर बंधन घालणारा कायदा केला आणि त्यावरून जवळजवळ सहा वर्षे न्यायालयात झगडा चालला.

प्रकरणाचा आरंभ अगदी साधा होता. २०१० मध्ये फ्लोरिडा राज्यातील ओकाला या गावी एका आईने या प्रश्नाचे उत्तर देण्यास नकार दिला. डॉक्टरांनी तिला दुसरा डॉक्टर पाहण्यास सांगितले आणि त्यासाठी तीस दिवसांची मुदत दिली. बंदूकधारकांच्या बलाढ्य नॅशनल रायफल असोसिएशनला आयतेच निमित्त मिळाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०११ मध्ये, फ्लोरिडाच्या विधिमंडळाने बंदूकमालकांच्या खासगी जीवनाचे रक्षण करणारा कायदा संमत केला व गव्हर्नर रिक स्कॉट यांनी त्यावर सही केली. उपचाराशी संबंध नसताना बंदुकीविषयी विचारू नये, उत्तर टिपून ठेवू नये, या विषयावरून रुग्णास अकारण सतावू नये आणि घरात बंदूक आहे म्हणून भेदभाव करू नये, अशी चार बंधने त्यात होती. ती मोडणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि व्यवसायाच्या परवान्यावर गदा. मूळ मसुद्यात तर तुरुंगवासही होता.

हा कायदा न्यायालयात टिकला नाही, पण तो पडण्यास वेळ लागला. जिल्हा न्यायाधीश मार्शा कुक यांनी २०११ मध्येच त्यास स्थगिती दिली. अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ व २०१५ मध्ये पुन्हा पुन्हा त्याची पाठराखण केली. अखेर फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने विचारण्यावरील, नोंदीवरील व 'सतावण्या'वरील बंधने घटनाबाह्य ठरविली. भेदभावाची मनाई मात्र कायम ठेवली. हा निर्णय भाषणस्वातंत्र्याच्या पायावर उभा आहे. डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार आहे एवढे त्याने सिद्ध झाले. त्यांनी विचारावे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता आणि तो निकालात निघालेलाही नाही.

विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ आहे असे मानणे बरोबर होणार नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने नागरिकास शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आहे. ज्या देशात प्रौढांपैकी दहात चारजण बंदूक असलेल्या घरात राहतात, तेथे बंदूक ही पुष्कळांना वाडवडिलांकडून आलेल्या घड्याळाइतकी घरगुती वस्तू वाटते. तिच्याविषयी विचारणारा डॉक्टर आपल्याकडे संशयाने पाहतो असे त्यांना वाटले तर नवल नाही. शिवाय डॉक्टरांची नोंद आता कागदाच्या फाइलीत राहत नाही. ती संगणकात जाते, विमा कंपनीपर्यंत पोहोचते, आणि उद्या सरकारच्या हाती लागणार नाही याची हमी कोण देणार? ही भीती इतकी खरी होती की २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातच शस्त्रांच्या माहितीविषयी संरक्षण देणारे कलम घालावे लागले. त्या कलमाने डॉक्टरांच्या विचारण्यावर बंदी येत नाही, असा खुलासा ओबामा सरकारला २०१३ मध्ये मुद्दाम करावा लागला. 'डॉक्टरांना बंदुकीतले काय कळते?' हा तिसरा आक्षेप मात्र पोकळ आहे. २०१८ मध्ये रायफल असोसिएशनने डॉक्टरांना आपल्या कामापुरते पाहण्याचा उपदेश केला, तेव्हा शस्त्रक्रियागृहातील डॉक्टरांनी रक्ताने माखलेल्या आपल्या कपड्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करून उत्तर दिले. बंदुकीची यंत्ररचना त्यांना ठाऊक नसेल, परंतु गोळी लागल्यावर काय होते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक आहे?

खरा मुद्दा याहून खोल आहे. व्यक्ती आपले हित जाणते आणि आपल्या निवडीची किंमत ती स्वतः मोजते, या गृहीतावर अर्थशास्त्राची बरीचशी इमारत उभी आहे. बंदूक विकत घेणारा प्रौढ मनुष्य हा या गृहीतात बसू शकतो. त्याच्या घरातील सहा वर्षांचे मूल बसत नाही. त्या खरेदीत मुलाचे मत कोणी घेतलेले नसते, आणि जोखीम मात्र त्याच्या वाट्याला येते. २०१५ मधील एका पाहणीवरून असा अंदाज करण्यात आला की अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुले अशा घरांत राहतात जेथे निदान एक बंदूक भरलेली व कुलपाबाहेर आहे. २०२० पासून १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार अपघातांनाही मागे टाकले. 'आमच्या मुलाला बंदूक कोठे आहे हे माहीतच नाही' असे आईबाप प्रामाणिकपणे सांगतात. तथापि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आईबापांना आणि मुलांना वेगवेगळे विचारले, तेव्हा असे म्हणणाऱ्या आईबापांपैकी ३९ टक्क्यांची मुले ती जागा जाणत होती! आईबापांच्या हाती असलेली माहितीच चुकीची असेल तर त्यांच्या निवडीस विवेकपूर्ण कसे म्हणावे? मुलाच्या वतीने त्या घरातील बाबींची चौकशी करू शकेल असा घराबाहेरचा जवळजवळ एकच मनुष्य असतो, आणि तो म्हणजे मुलाचा डॉक्टर.

पण मुलांच्या अपघातांपेक्षाही मोठी बाब आत्महत्येची आहे, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. दूरचित्रवाणीवर दिसतात त्या शाळांतील हत्याकांडांची संख्या या आकड्यापुढे फारच लहान आहे. येथे विरोधक जो युक्तिवाद करतात तो अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील वाटतो. चहा महागला की लोक कॉफी पितात. तसेच बंदूक नाही मिळाली तर मरू इच्छिणारा दुसरा मार्ग शोधील. दिसावयास तर्कशुद्ध असा हा सिद्धांत अनुभवाच्या कसोटीवर मात्र उतरत नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या आसपास घरोघर स्वयंपाकासाठी येणारा कोळशाचा गॅस विषारी होता आणि तेथील आत्महत्यांपैकी जवळजवळ निम्म्या त्याने होत असत. पुढे निराळ्याच, निव्वळ आर्थिक कारणांसाठी, त्या गॅसची जागा बिनविषारी गॅसने घेतली. इंग्लंड व वेल्समधील एकूण आत्महत्या १९६३ मध्ये ५,७१४ होत्या, त्या १९७५ मध्ये ३,६९३ वर आल्या. या काळात ब्रिटिश माणूस अधिक सुखी झाला असे कोणी म्हणणार नाही. बेकारी तर वाढतच होती. पर्याय उपलब्ध असूनही पुष्कळांनी ते शोधले नाहीत.

याचे कारण असे की तो आवेग अल्पजीवी असतो. ह्यूस्टन परिसरात आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे चतुर्थांश तरुणांच्या बाबतीत निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटांचेही अंतर नव्हते. त्या पाच मिनिटांत हाती काय लागते यावर सारे अवलंबून असते, आणि बंदुकीने केलेल्या प्रयत्नांतून दहापैकी एखादाच वाचतो. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे सत्य तर या वादात कोणी विचारातच घेत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे घरोघर बंदुका नाहीत, परंतु कपाशीच्या फवारणीचे औषध कोणत्या शेतकऱ्याच्या घरात नाही? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्राचा वाटा २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. देशातील यांपैकी सुमारे चतुर्थांश मृत्यू विषाने झाले. मग आपल्या तालुक्याच्या डॉक्टरांनीही 'औषधाचा डबा कोठे ठेवता?' असे विचारावे काय? विचारावे, परंतु त्यावर विसंबू नये. श्रीलंकेत १८० खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. काही खेड्यांत घरोघर कीटकनाशकासाठी कुलपाचे डबे वाटण्यात आले आणि काहींत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता, कारण डब्यांनी विषप्राशनाचे प्रमाण घटले नाही. याच देशाने १९९५ मध्ये अतिविषारी कीटकनाशके व १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद केले, तेव्हा मात्र दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. घरचा कर्ता पुरुषच जेथे संकटात आहे तेथे डब्याची किल्ली त्याच्याच कमरेला असते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रयोगाचे अपयश समजते. जेथे सरकार ती वस्तूच बाजारातून काढू शकते तेथे सरकारने आपले काम डॉक्टरांच्या गळ्यात घालू नये.

अमेरिकेत नेमकी हीच वाट बंद आहे. २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तुलबंदी तर रद्द केलीच, परंतु घरातील बंदूक सुटी करून वा कुलूप लावून ठेवण्याची सक्तीही रद्द केली. बंदूक मुलाच्या हाती लागल्यावर मालकास जबाबदार धरता येते, आणि असा कायदा करणारे पहिले राज्य १९८९ मध्ये फ्लोरिडाच होते! ज्या राज्याने भरलेली बंदूक मुलाच्या आवाक्यात ठेवणे हा गुन्हा मानला, त्याच राज्याने बावीस वर्षांनी त्याविषयी विचारणाऱ्या डॉक्टरांना गुन्हेगार ठरवू पाहिले. जेथे कायद्यास घराच्या उंबरठ्यापलीकडे फारसा प्रवेश नाही तेथे मन वळविणे एवढेच साधन उरते. ते वापरण्याचा विश्वास ज्याच्यापाशी आहे त्यालाच गप्प बसविणे यात हक्काचे रक्षण कोठे आले?

यास्तव डॉक्टरांनी विचारलेच पाहिजे. परंतु ओकालाच्या डॉक्टरांनी केले ते चूक होते, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणावे लागेल. विचारणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. उत्तर देणे रुग्णाच्या इच्छेवर आहे. आणि उत्तर न देणाऱ्यास दार दाखविणे हा वैद्यकाच्या धर्माशी द्रोह आहे. न्यायालयाने भेदभावाची मनाई कायम ठेवली ती योग्यच झाली. प्रश्नाचा हेतू माहिती गोळा करणे हा नसून सल्ला पोहोचविणे हा आहे. तेव्हा जी आई उत्तर देत नाही तिलाही डॉक्टर म्हणू शकतात, 'घरात बंदूक असल्यास ती रिकामी करून कुलपात ठेवा आणि गोळ्या वेगळ्या ठेवा.' एवढ्यासाठी होय किंवा नाही ऐकण्याची गरज नाही, आणि नोंदवहीत लिहिण्याची त्याहून नाही. औदासीन्याने ग्रासलेल्या प्रौढाच्या बाबतीत मात्र कुलपाने भागत नाही. तेथे काही दिवस बंदूक नातेवाइकाकडे वा अन्यत्र ठेवा असे सांगावे लागते, आणि हा सल्ला देण्यासाठी आधी विचारावेच लागते. नुसत्या उपदेशाने फारसे घडत नाही हेही खरे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डॉक्टरांनी चार शब्दांबरोबर बंदुकीचे कुलूपही फुकट दिले, तेव्हा कुलूप लावणाऱ्या घरांचे प्रमाण वाढले. एका तपासणीस मिळणाऱ्या पंधरा-वीस मिनिटांत लस, वजन, आहार, शाळा हे सारे बसवावयाचे असते. विमा कंपनी त्यातील या दोन मिनिटांचे वेगळे पैसे देत नाही. कायद्याची बंदी उठूनही प्रश्न अनेकदा राहून जातो, त्याचे एक कारण हेही असावे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या हजारो मराठी कुटुंबांना हा सारा वाद शेजाऱ्यांचा वाटतो, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही. परंतु त्यांची मुले शनिवारी दुपारी वर्गमित्राच्या घरी खेळावयास जातात, आणि त्या घरातील कपाटात काय आहे हे त्यांस ठाऊक नसते. तेथील बालरोगतज्ज्ञ सांगतात की मुलाला पाठविण्यापूर्वी त्या घरच्या मंडळींना विचारा. आपल्या लोकांना असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. मात्र आपल्या मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, कुत्र्याची भीती वाटते, मांसाहार वर्ज्य आहे, हे हीच मंडळी त्याच दारात उभे राहून बिनदिक्कत सांगतात.