अनाथ कोण ठरवतं?

लिसा विंगेट या अमेरिकन लेखिकेची ‘बिफोर वुई वेअर युअर्स’ (२०१७) ही कादंबरी वाचताना डोळे भरून येतात. साल १९३९. मिसिसिपी नदीवर होडीतच संसार थाटलेलं गरीब कुटुंब. आई बाळंतपणात अडते, बाप तिला मेम्फिसच्या इस्पितळात नेतो. मागे राहिलेल्या पाच मुलांना पोलीस उचलतात आणि अनाथालयात डांबतात. थोरली रिल अवघी बारा वर्षांची. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून चाललेली तिची धडपड जिवाला चटका लावते.

मला मात्र एका निराळ्याच गोष्टीनं अस्वस्थ केलं. ही मुलं अनाथ नव्हतीच. त्यांना आईबाप होते. त्यांना अनाथ केलं ते कागदानं. इस्पितळाचे कागद समजून आईबापांनी सह्या केल्या आणि मुलं गमावली.

कुटुंब काल्पनिक असलं तरी संस्था खरी होती. जॉर्जिया टॅन ही बाई १९२४ ते १९५० या काळात टेनेसी चिल्ड्रन्स होम सोसायटीची मेम्फिस शाखा चालवत होती. गरीब, एकट्या, बिनलग्नाच्या बायकांची मुलं तिनं फसवून, प्रसंगी पळवून नेली आणि पैसे घेऊन सधन घरांत दिली. बालन्यायालयाच्या न्यायाधीश कॅमिल केली यांची तिला साथ होती. १९५० साली सरकारी चौकशी सुरू झाली, पण खटला उभा राहण्याआधीच टॅन वारली.

समाजकार्यकर्ती म्हणून टॅनचा मोठा नावलौकिक होता. माझ्याच पेशातली बाई, म्हणून हे जास्त झोंबतं. गरीब आईपेक्षा श्रीमंत घर बाळाला बरं, असा तिचा हिशोब. ‘पोराचं कल्याण झालं ना?’ हे आपल्याकडेही सहज म्हटलं जातं. आईचं काय झालं, हे कोण विचारतं?

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. तरतूद चांगलीच आहे. पण घरातून हाकलून दिलेल्या, हाती पैसा नसलेल्या कुमारी मातेनं हे दोन महिने काढायचे कुठे? निवारा नाही, रोजगार नाही, पाठीशी माणूस नाही. मग तिची सही मर्जीची कशी म्हणायची?

कादंबरी जरूर वाचा, रिलसाठी रडाही. पण एखादी आई मूल सोपवते तेव्हा तो कागद तिला तिच्या भाषेत समजावला का, आणि मूल ठेवायचं म्हटलं असतं तर तिच्यापुढे कोणती वाट होती, हे विचारणं आपलं काम आहे.