उन्हाळ्यातले सूर्यनमस्कार

आपल्या वस्तीत हा प्रश्न नेहमी निघतो. आपण बौद्ध, सूर्याला देव मानत नाही, मग पोरांनी शाळेत सूर्यनमस्कार घालावेत का? आमचे मत सरळ आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात व्यायाम म्हणून त्यांचा प्रसार केला. त्यांच्या पद्धतीत बीजमंत्र होते. मंत्र सोडून द्या, व्यायाम ठेवा. वाकणे आणि ताणणे कोणा एका धर्माचे नाही.

उलट महासतिपट्ठान सुत्तात भगवंतांनी दीर्घ श्वास दीर्घ म्हणून आणि आखूड श्वास आखूड म्हणून जाणायला सांगितले आहे. हातपाय आखडताना, पसरताना भान ठेवायलाही सांगितले आहे. नमस्कारात दुसरे काय असते?

हे भान उन्हाळ्यात फार उपयोगी पडते. गेल्या मे महिन्यात आम्ही ते विसरलो. पत्र्याच्या खोलीत, सकाळी नऊ वाजता, शेजारच्या पोराशी पैज लावून २५ नमस्कार घालायला निघालो. अठराव्याला डोळ्यांपुढे अंधारी आली आणि भिंतीला धरून बसलो. पोरगा हसला, पण त्याचाही चेहरा लाल झाला होता!

कारण साधे आहे. उष्म्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, घामाने अंगातले पाणी कमी होते. अशा वेळी खाली गेलेले डोके झटक्यात वर आणले, की मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते.

आता आम्ही पहाटे साडेपाचला ओट्यावर सतरंजी टाकतो. आधी दोन घोट पाणी. पोट मोकळे. वाकताना श्वास सोडायचा, मागे झुकताना घ्यायचा. श्वास तुटू लागला की आकडा कितीही असो, थांबायचे. चार-सहा झाले तरी पुरे. शेवटी उभे राहून धाप बसेपर्यंत नुसता श्वास पाहायचा. दिवसभर पाट्या उचलणाऱ्याने किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या ताईने तर दोनच घालावेत, तेही सावकाश. घाम त्यांचा कामावर निघतोच. गरोदर बाई, रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असलेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, मळमळ किंवा डोके ठणकू लागले तर सावलीत बसून पाणी प्यावे. बरे वाटले नाही तर दवाखाना गाठावा.

आमच्या आईला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. ती खाटेवर बसून नुसते हात वर नेते, खाली आणते. परवा आम्ही घाई करू लागलो, तर तिने तिथूनच हटकले, "अरे, श्वास कुठाय तुझा?"