अजून पाच वर्षं शिकणार? मग कमावणार कधी?

एमएस्सी बायोकेमिस्ट्री झाल्यावर माझ्या धाकट्या बहिणीने घरात सांगितलं, "मला पीएचडी करायची आहे." मामू लगेच म्हणाले, "अजून पाच वर्षं शिकणार? मग कमावणार कधी?" अम्मी काही बोलली नाही, पण तिच्या मनात लग्नाचा प्रश्न होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरातला पहिला इंजिनिअर, कमावता मुलगा. मीही मामूंचीच री ओढली. त्यात बहिणीचं एक वर्ष गेलं. ते वर्ष तिने एका खासगी शाळेत शिकवून आणि रात्री नेटचा अभ्यास करून काढलं.

आज ती तिसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी माझं काय चुकलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

पीएचडी म्हणजे घरच्या पैशावर शिकत राहणं, असं मला वाटत होतं. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ म्हणून ४२,००० रुपये मिळतात. माझा पहिला पगार याच्या निम्माही नव्हता.

या कामात कस कुठे लागतो, हेही मला माहीत नव्हतं. माझा कोड चुकला तर काही सेकंदांत एरर दिसते. ती जिवाणू वाढवून त्यांतून एक प्रोटीन वेगळं काढत होती आणि तीन आठवडे जेलवर हवा तो पट्टाच उमटत नव्हता. एका रविवारी फोनवर रडली. शेवटी कळलं, बफरचा पीएच चुकत होता. मधे फेलोशिपचे पैसे चार महिने अडकले, तेव्हा घरून पाठवावे लागले. म्हणून ही वाट सोपी आहे, असं मी म्हणणार नाही.

पण ही वाट 'आपल्या लोकांची' नाही, हे मात्र साफ खोटं आहे. अलीगढमध्ये शिकलेले आणि ग्लासगोला पीएचडी केलेले ओबैद सिद्दीकी होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईला आले आणि १९६२ मध्ये त्यांनी टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे बेंगळुरूचं एनसीबीएस त्यांनीच उभं केलं. या देशात हा विषय रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव आहे. आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ते माहीत आहे?

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या पीएचडीसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद करत असल्याचं केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं. इतर योजनांमध्ये हे विद्यार्थी येतातच, असं कारण दिलं गेलं. ते मला पटत नाही. घरात पहिल्यांदाच संशोधनाकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी तो मोठा आधार होता. तो परत मागितलाच पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत कुणाचं वय थांबत नाही.

म्हणून जे दरवाजे उघडे आहेत, ते आधी ठोठवा. नेटच्या लाइफ सायन्सेसच्या २०० गुणांच्या पेपरात १०० गुण एकट्या 'सी' भागाचे असतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही, प्रयोगाचा निकाल वाचता यावा लागतो. तेव्हा एमएस्सीला असतानाच मूळ शोधनिबंध वाचायची सवय लावा. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल, तर नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेळेत काढून ठेवा. फार लांब जायलाही नको. पुण्यात आयसर, एनसीएल आणि एनसीसीएस आहेत, मुंबईत टीआयएफआर, खारघरला ॲक्ट्रेक. या सगळ्या ठिकाणी जीवशास्त्रात पीएचडी करता येते.

शेवटचं सांगणं माझ्यासारख्या कमावत्या भावांना आणि बहिणींना. घरातल्या त्या बैठकीत मोठी माणसं शेवटी आपल्याकडे पाहतात. अम्मी-अब्बांना फेलोशिपचा आकडा माहीत नसतो, वसतिगृह कसं असतं ते माहीत नसतं. त्यांच्या काळजीला उत्तर द्यायचं काम आपलं आहे. मी त्या दिवशी काहीही माहिती न घेता बोललो आणि त्याची किंमत बहिणीने मोजली. तुमच्या घरी अशी बैठक बसेल, तेव्हा तुम्ही माहिती घेऊन बसा.